लांबचा लेओव्हर आणि ट्रान्झिट व्हिसा : परदेशात विमान बदलताना घरच्यांनी काय तपासावे

तिकीट हातात आहे, ज्या देशात जायचे तिथला व्हिसाही पासपोर्टवर लागलेला आहे, बॅगा भरून कुटुंब मुंबई विमानतळावर पोहोचले आहे, आणि चेक-इन काउंटरवरची मुलगी म्हणते, "तुमच्याकडे ट्रान्झिट व्हिसा नाही, बोर्डिंग पास देता येणार नाही." मुलीच्या बाळंतपणाला निघालेली अम्मी असो की नातवंडांना भेटायला निघालेले अब्बा, अशा वेळी रडून, विनवून काही उपयोग होत नाही. तिकिटाचे पैसे बहुतेक वेळा बुडतात आणि नवे तिकीट ऐनवेळच्या भावाने घ्यावे लागते.

हे टाळता येते. त्यासाठी तिकीट काढण्याआधी अर्धा तास शांतपणे बसून काही गोष्टी पाहाव्या लागतात. भारतीय पासपोर्ट असलेल्या कुटुंबांसाठी ही माहिती एका ठिकाणी देत आहोत.

आधी शब्द समजून घेऊ

लेओव्हर म्हणजे एका विमानातून उतरून दुसऱ्या विमानात बसेपर्यंतचा मधला वेळ. तो दोन तासांचा असू शकतो, वीस तासांचाही. हा वेळ २४ तासांहून जास्त झाला की त्याला साधारणपणे स्टॉपओव्हर म्हणतात.

मोठ्या विमानतळाचे दोन भाग असतात. एक इमिग्रेशनच्या अलीकडचा, म्हणजे विमानातून उतरून थेट पुढच्या गेटकडे जाण्याचा. याला ट्रान्झिट भाग म्हणतात. दुसरा इमिग्रेशनच्या पलीकडचा, जिथे पासपोर्टवर शिक्का बसतो, बॅगा मिळतात आणि बाहेर टॅक्सी उभ्या असतात. इमिग्रेशन ओलांडले की आपण त्या देशात शिरलो. मग तिथला प्रवेशाचा नियम लागू होतो.

ट्रान्झिट व्हिसाचेही दोन प्रकार पडतात. काही देश विमानतळाच्या आत बसून राहण्यासाठीही व्हिसा मागतात. काही देश आत बसणाऱ्याला काही विचारत नाहीत, मात्र बाहेर पडायचे असेल तर व्हिसा लागतो. गोंधळ होतो तो बहुधा हा फरक न कळल्यामुळे.

तिकीट काढण्याआधी चार प्रश्न

१. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर आहे का? दोन वेगवेगळी तिकिटे काढून पैसे वाचवले तर पहिली कंपनी सामान मधल्या विमानतळापर्यंतच पाठवते. बॅग घ्यायला बाहेर जावे लागते, पुन्हा चेक-इन करावे लागते. म्हणजे इमिग्रेशन ओलांडणे आले आणि व्हिसाही आला. स्वस्त विमान कंपन्यांच्या तिकिटांत हे फार वेळा होते. वेबसाइटवर 'सेल्फ ट्रान्सफर' असे लिहिलेले दिसले की सावध व्हा.

२. विमान बदलताना विमानतळही बदलतो का? लंडनला हीथ्रो आणि गॅटविक, पॅरिसला शार्ल द गोल आणि ऑर्ली, इस्तंबूलला नवा विमानतळ आणि सबिहा गोकचेन, टोकियोला नारिता आणि हानेदा. शहर एकच दिसते, पण एका विमानतळावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी देशात शिरावेच लागते.

३. रात्र कुठे काढणार? काही विमानतळांचा ट्रान्झिट भाग रात्री बंद होतो. विमान कंपनी हॉटेल देते असे सांगितले जाते, पण ते हॉटेल बाहेर असेल तर तिथे जायला प्रवेशाची परवानगी हवी. दोहा, दुबई, इस्तंबूल, सिंगापूर या विमानतळांवर ट्रान्झिट भागातच हॉटेल आहे. तिथे राहायला बाहेर पडावे लागत नाही, मात्र खोली आधी बुक करावी.

४. मधले थांबे किती आणि कोणत्या देशांत? एक थांबा असेल तर एकच नियम पाहावा लागतो. दोन थांबे असतील तर दोन्ही देशांचे नियम वेगवेगळे पाहा.

सौदी अरेबिया : ९६ तासांत उमरा

आपल्या वाचकांकडून सर्वांत जास्त विचारणा याचीच होते. सौदी सरकारने जानेवारी २०२३ च्या अखेरीस स्टॉपओव्हर व्हिसा सुरू केला. सौदिया किंवा फ्लायनास या कंपन्यांचे तिकीट काढताना त्यांच्या वेबसाइटवरच हा व्हिसा घेता येतो. मुक्काम जास्तीत जास्त ९६ तास, म्हणजे चार दिवस. व्हिसाची वैधता तीन महिने. व्हिसाची फी नाही, पण वैद्यकीय विम्याचे आणि सेवेचे शुल्क भरावे लागते. या व्हिसावर उमरा करता येतो आणि मदिना शरीफची जियारतही करता येते.

काही गोष्टी ध्यानात ठेवा.

जिद्दा विमानतळ ते मक्का हे अंतर फार नाही, पण इमिग्रेशन, टॅक्सी, हॉटेल आणि हरमची गर्दी धरली तर सहा-आठ तासांच्या लेओव्हरमध्ये उमऱ्याचा बेत करू नका. निदान एक पूर्ण दिवस आणि रात्र हाताशी असावी. मदिनेलाही जायचे असेल तर चारही दिवस घ्या. मक्का, जिद्दा आणि मदिना यांना जोडणारी हरमैन रेल्वे २०१८ साली सुरू झाली. तिचे स्टेशन जिद्दा विमानतळावरही आहे. रियाजुल जन्नतमध्ये नमाजसाठी नुसुक अॅपवर आधी वेळ घ्यावी लागते.

एहरामची चादर हातातल्या बॅगेत ठेवा. मुंबईहून जिद्दाला जाताना विमान उतरण्याआधीच मीकातची हद्द ओलांडते, आणि चादर चेक-इनच्या बॅगेत गेली तर वर हवेत काही करता येत नाही. युरोपातून परत येताना उमरा करणार असाल तर मीकात वेगळी पडते. हा मसला निघण्याआधी आपल्या आलिमांना विचारून घ्या.

हजच्या दिवसांत या व्हिसाच्या भरवशावर मक्केकडे जाऊ नका. २०२५ च्या हज हंगामात सौदी गृहमंत्रालयाने जिल्कादच्या पहिल्या तारखेपासून जिल्हिजच्या १४ तारखेपर्यंत भेटीच्या व्हिसावर मक्केत शिरणाऱ्यांना २०,००० रियालपर्यंत दंड जाहीर केला होता. कोणी एजंट "या व्हिसावर हजही होऊन जाईल" असे म्हणाला तर त्याच्या दुकानातून उठून या.

संयुक्त अरब अमिराती : दुबई, अबू धाबी, शारजा

विमानतळाच्या आत बसून विमान बदलणाऱ्या भारतीयांना येथे व्हिसा लागत नाही. बाहेर पडायचे असेल तर ४८ तासांचा ट्रान्झिट व्हिसा मोफत मिळतो आणि ९६ तासांचा ५० दिरहमना मिळतो. मात्र तो विमानतळावर उतरल्यावर मिळत नाही. एमिरेट्स, एतिहाद, फ्लायदुबई, एअर अरेबिया अशा तिथल्या विमान कंपन्यांमार्फत आधीच काढावा लागतो. पासपोर्ट सहा महिने वैध हवा आणि पुढच्या, तिसऱ्या देशाचे पक्के तिकीट हवे. या व्हिसाची मुदत वाढवून मिळत नाही.

ज्यांच्या भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा किंवा ग्रीन कार्ड आहे, अथवा ब्रिटन किंवा युरोपीय संघातील देशाचा वैध व्हिसा किंवा राहण्याचा परवाना आहे, त्यांना उतरल्यावर १४ दिवसांचा व्हिसा १०० दिरहमना मिळू शकतो. २०२५ साली ही सोय सिंगापूर, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि कॅनडाच्या परवानाधारकांपर्यंत वाढवली गेली.

आता नावाचा मुद्दा. आपल्या घरांत अनेक बायकांच्या आणि वडीलधाऱ्यांच्या पासपोर्टवर एकच नाव असते. फक्त 'फातिमा' किंवा फक्त 'इब्राहिम', आडनावाचा रकाना रिकामा. नोव्हेंबर २०२२ पासून अमिरातीने भेटीच्या व्हिसावर येणाऱ्या अशा एकनावी पासपोर्टधारकांना प्रवेश नाकारण्याचा नियम केला. नंतर दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा कुटुंबाचे नाव असेल तर चालेल असा खुलासा आला. तरीही काउंटरवर अडवले जाण्याची भीती राहतेच. पासपोर्ट नव्याने काढताना किंवा नूतनीकरण करताना आडनाव लावून घेणे हाच पक्का उपाय. त्यासाठी प्रवासाच्या बऱ्याच आधी अर्ज करा.

कतार आणि तुर्की

दोहाच्या हमाद विमानतळावर आत राहून विमान बदलायला व्हिसा लागत नाही. बाहेर पडायचे असेल तर भारतीयांना उतरल्यावर प्रवेश मिळण्याची सोय आहे. अट अशी की पासपोर्ट सहा महिने वैध असावा, पुढचे किंवा परतीचे पक्के तिकीट असावे आणि हॉटेलचे बुकिंग असावे. हे बुकिंग डिस्कव्हर कतार या अधिकृत वेबसाइटवरून करायचे असते. नातेवाइकांच्या घरी राहणार आहोत असे सांगून चालेल असे गृहीत धरू नका.

इस्तंबूलला एकाच विमानतळावर, ट्रान्झिट भागात राहून विमान बदलणाऱ्या भारतीयांना व्हिसा लागत नाही. शहर पाहायचे असेल तर लागतो. भारतीयांना ई-व्हिसा तेव्हाच मिळतो जेव्हा अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन देशाचा वैध व्हिसा अथवा राहण्याचा परवाना असतो. बाकीच्यांना वकिलातीतूनच व्हिसा काढावा लागतो. टर्किश एअरलाइन्स लांबच्या लेओव्हरवाल्यांना शहराची मोफत सहल देते, पण सहल मोफत असली तरी तुर्कीत शिरण्याचा व्हिसा प्रवाशालाच आणावा लागतो.

युरोप : शेंगेन देशांतले विमानतळ

येथे सर्वांत जास्त लोक अडकतात. शेंगेन देशांत 'एअरपोर्ट ट्रान्झिट व्हिसा' नावाचा वेगळा व्हिसा आहे. त्याला 'ए' प्रकार म्हणतात. तो फक्त विमानतळाच्या आत थांबण्यासाठी असतो, त्यावर बाहेर पडता येत नाही. काही देशांच्या नागरिकांना तो सर्व शेंगेन देशांत लागतो. पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, अफगाणिस्तान, इराण, इराक ही त्या समान यादीतली काही नावे. भारत या समान यादीत नाही. मात्र प्रत्येक सदस्य देश स्वतःची यादी करू शकतो, आणि जर्मनी व फ्रान्स यांनी अनेक वर्षे भारतीयांकडून हा व्हिसा मागितला आहे. या याद्यांत फेरबदल होत असतात. त्यामुळे फ्रँकफर्ट, म्युनिक किंवा पॅरिसमार्गे तिकीट घेताना त्या देशाच्या वकिलातीच्या वेबसाइटवरचा त्या आठवड्यातला नियम वाचा. शेजाऱ्याचा मागच्या वर्षीचा अनुभव पुरावा म्हणून धरू नका.

यात सवलतही आहे. ज्यांच्याकडे शेंगेन देशाचा, किंवा अमेरिका, कॅनडा, जपान यांचा वैध व्हिसा आहे, त्यांना हा ट्रान्झिट व्हिसा लागत नाही. म्हणून अमेरिकेचा चालू व्हिसा असलेली आई फ्रँकफर्टमार्गे निश्चिंत जाऊ शकते, पण त्याच मार्गाने ब्राझीलला निघालेल्या मुलाला वेगळा विचार करावा लागतो.

दोन शेंगेन विमानतळ एकाच प्रवासात आले तर गणित बदलते. मुंबई-पॅरिस-अॅमस्टरडॅम-न्यूयॉर्क असे तिकीट असेल तर पॅरिस ते अॅमस्टरडॅम हा टप्पा देशांतर्गत प्रवासासारखा मानला जातो. पॅरिसला इमिग्रेशन करावे लागते आणि त्यासाठी पूर्ण शेंगेन व्हिसा हवा. अमेरिकेचा व्हिसा इथे कामाला येत नाही.

खर्च पाहा. जून २०२४ पासून या व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या आतील मुलांना ४५ युरो, आणि सहा वर्षांखालील मुलांना फी नाही. नवरा, बायको, आठ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा असे कुटुंब धरले तर २२५ युरो होतात. व्हिसा केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात. एवढे सगळे मिळवले की युरोपमार्गे मिळालेले 'स्वस्त' तिकीट आखाती मार्गाच्या तिकिटापेक्षा महागही पडू शकते.

ब्रिटन

ब्रिटनमध्ये भारतीयांना विमानतळाच्या आत थांबण्यासाठीही व्हिसा लागतो. त्याला डायरेक्ट एअरसाइड ट्रान्झिट व्हिसा म्हणतात. इमिग्रेशन ओलांडून बाहेर यायचे असेल, उदाहरणार्थ हीथ्रोवरून गॅटविकला जायचे असेल, तर 'व्हिजिटर इन ट्रान्झिट' हा दुसरा व्हिसा लागतो. त्यावर ४८ तासांच्या आत देश सोडावा लागतो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा वैध व्हिसा असलेल्यांना एअरसाइड व्हिसातून सूट आहे. बाहेर येऊन विमान बदलण्याच्या सवलतीला जास्त अटी आहेत. त्या ब्रिटन सरकारच्या वेबसाइटवर आपल्या प्रवासाची माहिती भरून तपासता येतात.

अमेरिका आणि कॅनडा

अमेरिकेत 'आत बसून राहणे' हा प्रकारच नाही. मेक्सिकोला किंवा दक्षिण अमेरिकेला जाताना न्यूयॉर्कला दोन तास थांबायचे असले तरी सगळ्यांना इमिग्रेशन करावे लागते, बॅगा उचलून पुन्हा द्याव्या लागतात. त्यासाठी सी-१ ट्रान्झिट व्हिसा किंवा वैध बी-१/बी-२ व्हिसा हवा. मुलाखतीची तारीख मिळायला वेळ लागतो, हे लक्षात घेऊन मार्ग ठरवा.

कॅनडामार्गे ४८ तासांच्या आत पुढे जाणाऱ्या भारतीयांना ट्रान्झिट व्हिसा लागतो. त्याची फी नाही, पण अर्ज आधी करावाच लागतो. काही देशांच्या नागरिकांसाठी कॅनडाची बिनव्हिसा ट्रान्झिट योजना आहे, त्यात भारत नाही.

सिंगापूर आणि मलेशिया

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर आत राहायला भारतीयांना व्हिसा लागत नाही. बाहेर पडण्यासाठी ९६ तासांची बिनव्हिसा ट्रान्झिट सोय आहे, पण ती ज्यांच्याकडे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, जर्मनी किंवा स्वित्झर्लंडचा वैध व्हिसा आहे त्यांनाच. मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवस बिनव्हिसा प्रवेश दिला आणि ती मुदत २०२६ च्या अखेरपर्यंत वाढवली. त्यासाठी निघण्याआधी ऑनलाइन आगमन कार्ड भरावे लागते. क्वालालंपूरला दोन वेगळी टर्मिनल्स आहेत, तिकिटावर कोणते ते पाहून घ्या.

परतीचा प्रवास विसरू नका

जाताना सगळे ठीक होते आणि येताना अडचण येते, याचे कारण ठरलेले असते : व्हिसा संपलेला असतो. मुलाकडे अमेरिकेत गेलेल्या आई-वडिलांनी तिथे मुक्काम कायदेशीररीत्या वाढवून घेतला, पण पासपोर्टवरच्या व्हिसाची तारीख मधल्या काळात उलटून गेली. नोकरीवर असलेल्या मुलांचेही असेच होते. तिथे राहण्याची परवानगी चालू असते, पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला असतो. अशा वेळी 'अमेरिकेचा वैध व्हिसा' या नावाखाली मिळणारी युरोपची किंवा ब्रिटनची सवलत हातातून जाऊ शकते. असे असेल तर परतीचे तिकीट थेट किंवा आखाती मार्गाने घ्या.

मुले आणि वडीलधारे

तान्ह्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो, आणि जिथे ट्रान्झिट व्हिसा लागतो तिथे त्यालाही वेगळा व्हिसा लागतो. आईच्या व्हिसात मूल धरले जात नाही. वडीलधारे एकटे जात असतील तर तिकीट काढतानाच व्हीलचेअरची मागणी नोंदवा. मदतनीस त्यांना थेट पुढच्या गेटपर्यंत नेतो आणि ते चुकून इमिग्रेशनच्या रांगेत उभे राहत नाहीत. औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी आणि एक जोडी कपडे हातातल्या बॅगेत. तिकीट काढताना मुस्लिम जेवण मागितले तर हलाल जेवण मिळते. दोहा, दुबई, इस्तंबूल येथे ट्रान्झिट भागातच नमाजची जागा आहे.

विमान चुकले किंवा रद्द झाले तर

एकाच पीएनआरवर प्रवास असेल तर पुढच्या विमानात बसवणे ही विमान कंपनीची जबाबदारी असते. ट्रान्सफर डेस्कवर जा, बाहेर पडू नका. कंपनी हॉटेल देऊ करत असली तरी व्हिसाविना इमिग्रेशन ओलांडू दिले जाईलच असे नाही. आधी हॉटेल विमानतळाच्या आत आहे का ते विचारा. दोन वेगळी तिकिटे असतील तर दुसऱ्या तिकिटाचे नुकसान प्रवाशाच्या माथी येते. म्हणून लांबच्या प्रवासात वडीलधाऱ्यांसाठी दोन तिकिटांचा प्रयोग करू नये.

काउंटरवर एवढी कडक तपासणी का?

कागदपत्रे अपुरी असलेला प्रवासी परदेशात पोहोचला तर त्याला परत आणण्याचा भार विमान कंपनीवर पडतो आणि अनेक देश कंपनीला दंडही करतात. म्हणून काउंटरवरचे कर्मचारी टिमॅटिक नावाच्या संगणकीय नोंदींमध्ये प्रत्येक प्रवाशाचे नियम पाहतात. एजंटने तोंडी दिलेली हमी तिथे चालत नाही. आयाटा ही विमान कंपन्यांची संघटना या नोंदी चालवते, आणि अनेक विमान कंपन्यांच्या वेबसाइटवर प्रवाशांनाही तीच माहिती पाहता येते.

निघण्याआधीची यादी

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतरही सहा महिने वैध आहे आणि कोरी पाने आहेत.
तिकिटावरचे नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळते.
सर्व टप्पे एकाच पीएनआरवर आहेत, बॅगा शेवटच्या ठिकाणापर्यंत जातील.
प्रत्येक थांब्याचा नियम त्या देशाच्या सरकारी वेबसाइटवर पाहिला, आणि त्या पानाची प्रिंट तारखेसह काढली.
सवलत ज्या व्हिसावर मिळणार तो जाताना आणि येताना दोन्ही वेळा वैध आहे.
एजंटला "ट्रान्झिट व्हिसा लागतो की नाही" हे व्हॉट्सअॅपवर किंवा ईमेलने लेखी विचारले आणि उत्तर जपून ठेवले.
पुढच्या देशाचा व्हिसा, परतीचे तिकीट, हॉटेलचे बुकिंग आणि विमा यांच्या प्रती प्रत्येक प्रवाशाच्या हातात वेगळ्या दिल्या आहेत, एकाच बॅगेत ठेवलेल्या नाहीत.

या सात गोष्टी झाल्या की मग तिकिटाचे पैसे भरा. वडीलधारे एकटेच निघणार असतील तर मधल्या विमानतळाचे नाव, पुढचा विमान क्रमांक आणि घरच्या दोन माणसांचे फोन नंबर मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून पासपोर्टमध्ये ठेवा. फोनची बॅटरी संपली तरी तो कागद त्यांच्या हातात राहतो.